ठमा कुंभारणीची बोळकी

रथसप्तमीला दूध कोणत्या दिशेला उतू गेलं यावरून वर्षाचं भविष्य सांगणारी माणसं मी पनवेलला पुष्कळ पाहिली. पूर्वेला गेलं की पाऊसपाणी चांगलं, दक्षिणेला गेलं की जपून राहा, असं काहीबाही. पण ज्या बोळक्यातून ते दूध उतू जातं ते घडवलं कुणी, हे विचारणारं माणूस मला एक सत्तावन साल सोडलं तर कधी भेटलं नाही. त्या वर्षी मात्र अख्खं गाव तेवढंच विचारत होतं, आणि चांगल्या मनाने विचारत नव्हतं.

मी छप्पन सालच्या वैशाखात लग्न होऊन पनवेलला आले. घर कुंभारआळीच्या तोंडाशीच, त्यामुळे मडकी भाजायच्या आव्याचा धूर आधी आमच्या माजघरात यायचा आणि मग आकाशात जायचा. सासूबाईंना सगळं गाव माई म्हणायचं. माईंना सणांची फार हौस आणि सणांमागची कारणं सांगायची त्याहून जास्त. माघ लागला की गणेशजयंती, मग वसंतपंचमी, मग रथसप्तमी, अशी ओळीने कामं. रथसप्तमी म्हणजे सूर्याचा जन्मदिवस. अंगणात तुळशीपुढे रांगोळीने सात घोड्यांचा रथ काढायचा, गोवऱ्या पेटवायच्या, त्यावर मातीच्या नव्या बोळक्यात दूध आणि चार दाणे तांदूळ घालून ठेवायचं आणि ते उतू जाईपर्यंत सूर्याकडे तोंड करून बसायचं. संक्रांतीपासून चाललेलं हळदीकुंकूही त्याच दिवशी संपायचं. "त्या दिवसापासून सूर्याचा रथ उत्तरेकडे वळतो," माई म्हणाल्या. मी म्हटलं, "तो तर संक्रांतीलाच वळतो ना?" माई म्हणाल्या, "तेव्हा वळतो. सप्तमीला वेग घेतो." पुढे हेच उत्तर मी माझ्या सुनेला दिलं, तेव्हा माईंना हसायचा मला फारसा अधिकार नाही.

संक्रांतीची सुगडं आणि सप्तमीची बोळकी आमच्याकडे ठमाबाई आणायची. काशिराम कुंभाराची बायको. माहेर उरणकडचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन आली, मी पाहिली तेव्हा पस्तिशीची असेल. उंच, हाडापेराने दणकट आणि तोंडाने फटकळ. डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन ती निघाली की समोरची माणसं बाजूला व्हायची. मडकी फुटतील म्हणून नव्हे, ही काय बोलेल याचा नेम नसायचा म्हणून. एकदा माई मडकं घेताना ते बोटाने वाजवून वाजवून पाहत बसल्या. ठमाबाई म्हणाली, "माई, मडका हाय, तबला नाय. घ्या नायतर ठेवा." माईंनी घेतलं.

कुंभाराच्या घरात बाईला काय काम नसतं? माती खणून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवून पायाने तुडवायची. चाकावरून उतरलेलं मडकं लाकडी थापटण्याने ठोकून फुगवायचं. आवा रचायचा, पेटवायचा, राखायचा, आणि भाजलेला माल डोक्यावर घेऊन दारोदार विकायचा. हे सगळं बाईचं. फक्त चाकाला हात लावायचा नाही. चाक पुरुषाचं. बाईचा नुसता पदर लागला तरी चाक गोमूत्राने पुसायचं. बाई चाकावर बसली तर आवा फुटतो, हे आळीतली शेंबडी पोरंही सांगायची. जिने तुडवलेल्या मातीवाचून चाक फिरून उपयोग नाही, तिलाच चाकापाशी बसायची बंदी, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याचा मला संताप येतो, आणि या वयात तो लपवायची गरज उरलेली नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि काशिरामच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं अर्ध्यावर आलं. घरात दोन मुली, थोरली दहाची, धाकटी सहाची. मुलगा नाही. मग आळीने जे ठरवायचं ते महिन्याभरात ठरवलं. आळीचे पंच होते दाजी. साठीचे, आणि सगळ्यात जाणते कारागीर. त्यांच्या हातच्या रांजणाला उरणपर्यंत मागणी होती. त्यांनी निकाल दिला की चाक काशिरामच्या धाकट्या भावाकडे, बळीरामकडे जाईल आणि बळीराम भावाच्या घराला भात घालील.

हा निकाल आळीच्या मधोमध, भर दुपारी दिला गेला. आम्ही शेजारणी आपापल्या पडवीतून ऐकत होतो. ठमाबाई आपल्या दाराच्या चौकटीत उभी होती.

"आनि मी काय करायचा?" तिने विचारलं.

"तू माती तुडव बळीरामकडं," दाजी म्हणाले. "सवय हाय तुला."

"माती तुडवीन ती माज्या घरची. चाक मी नाय देनार."

दाजी रागावले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी तिला चाकाचं मूळ सांगितलं. महादेवाचं लग्न ठरलं, तर मांडवात पाणी भरायला घागर नाही. मग विष्णूने आपलं चक्र दिलं, त्याचं चाक झालं, आणि पहिल्या कुंभाराने पहिली घागर घडवली. देवाने चाक बाप्याच्या हातात दिलं, ते तिथंच राहायला हवं.

ठमाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "महादेवाचा लगीन कोनाशी होता, दाजी?"

"पार्वतीशी. कोनाशी म्हंजे?"

"मंग घागर तिच्या लग्नाची. चाक कोनी चालवायचा ता तिला इचारला का कोनी?"

पडवीपडवीत बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले आणि माईंनी मला आत जायला सांगितलं. दाजींचा चेहरा मात्र पडला. ते म्हणाले, "चाकाला हात लावलास तर तळ्याची माती बंद." तळ्याकाठची माती कुंभारआळीची, पंचांच्या शब्दाशिवाय तिथून कुणी ढेकूळ उचलत नसे. माती बंद म्हणजे घर बंद.

"करा बंद," ठमाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाकावर बसली.

ती बसली तेव्हा काशिरामने भिंतीकडे तोंड फिरवलं. लोकांच्या बोलण्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं. हे तिने मला पुढे एकदा सांगितलं, तेव्हाही तिचे डोळे भरून आले होते. बावीस वर्षं तिने त्याचे हात चाकावर फिरताना पाहिले होते, पण पाहणं वेगळं. काठीने चाक फिरवायची, ते फिरायला लागलं की मातीचा गोळा मधोमध बसवायची, आणि गोळा आपला उडून भिंतीवर. दोन दिवस तिने सगळी माती भिंतीला दिली. तिसऱ्या दिवशी गोळा पुन्हा हलायला लागला आणि मागून काशिरामचा तोतरा आवाज आला, "कोपर... मांडीला लाव." तिने कोपर मांडीला टेकवलं. गोळा थांबला. तिने मान वळवून पाहिलं, तर काशिराम भिंत सोडून तिच्याकडच्या कुशीवर वळला होता.

त्यानंतर तो बाजेवरून सांगायचा, ती करायची. डावा हात वर केला की काठ उचल, खाली केला की थांब. पौषात ती आठवड्याला शंभरभर सुगडं काढायला लागली.

माती कुठली, हा प्रश्न होताच. तळ्यावर जायची बंदी, म्हणून ती खाडीकडे गेली. तिथे बांध घालून अडवलेली, वर्षानुवर्षं पडीक राहिलेली खाजणाची जमीन होती. खारी माती कुंभाराच्या कामाची नाही हे तिला पाळण्यापासून ठाऊक. म्हणून तिने कुंभार करतात तेच केलं, वरची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. गोड लागली. तिला वाटलं, इतक्या पावसाळ्यांनी मीठ धुऊन नेलं. मग तिने खणायला सुरुवात केली. आणि चूक इथं झाली. पावसाने मीठ धुतलं होतं ते वरच्या वीतभर मातीतलं. खालची माती तिने चाखलीच नाही. पाट्यावर पाट्या घेऊन ती घरी आली.

सुगडं आव्यातून निघाली ती लालबुंद, देखणी. आव्याला कुठे तडा नाही की काही नाही. आळीतल्या घरांनी घेतली नाहीत, पण गावातल्या एकतीस घरांनी घेतली, कारण ती बळीरामच्या सुगडांपेक्षा पातळ आणि सुबक होती. संक्रांतीला त्यात ऊस, बोरं, हरभरे, गाजरं भरून पूजा झाली. चौथ्या दिवशी आमच्या देवघरातल्या सुगडावर पांढरी बुरशी दिसायला लागली. माईंनी पुसली, तर हाताला पीठ आलं. सहाव्या दिवशी एका सुगडाची कड गळून पडली, आणि हळदीकुंकवाला बायका जमल्या असताना पाचही सुगडं त्यांच्यादेखत भुगा होऊन बसली. बायकांनी वाण ओटीत घेतलं आणि लगोलग निघून गेल्या.

गावातल्या एकतीस घरांत हेच. पूजेचं सुगड फुटणं म्हणजे अपशकुन, तेही हळदीकुंकवाच्या दिवसांत. मग काय, सगळ्यांना कारण तोंडपाठ होतं. बाईने चाकाला हात लावला. बळीरामची बायको नळावर रोज नवी गोष्ट सांगायची. कुणाच्या घरात मूल आजारी पडलं, कुणाची गाय आटली, सगळं ठमाबाईच्या खात्यावर. माई तर म्हणाल्या, या घरात पुन्हा तिचं मडकं येणार नाही.

ठमाबाई स्वतःहून आमच्या दारात आली. तोंड लपवून नव्हे, पाटी डोक्यावर घेऊन. म्हणाली, "वैनी, तुकडा दाखवा." मी भुगा झालेल्या सुगडातला मोठा तुकडा दिला. तिने तो जिभेला लावला आणि तिथल्या तिथे थुंकली. पायरीवर बसली. दोन्ही हातांनी कपाळ धरलं. माई दारातून म्हणाल्या, "पाहिलंस ना चाकाला हात लावायचं फळ?"

ती उठली. "चाकानी काय केला नाय, माई. माती खारी हाय. मी वरची चाखली, खालची नाय चाखली. मातीत मी चुकले. चाकात नाय."

हे बोलायला किती छाती लागते ते मला त्या दिवशी कळलं. चाकाचा कोप म्हटलं असतं तर लोकांनी कीव केली असती, चाक देऊन ती मोकळी झाली असती. तिने चूक आपल्या अंगावर घेतली, पण चाक सोडलं नाही.

संध्याकाळी ती आपण होऊन दाजींसमोर उभी राहिली. ज्या एकतीस घरांत सुगडं फुटली त्या सगळ्या घरांना रथसप्तमीचं बोळकं फुकट देणार, असं तिने सांगितलं. "दूध उतू जाईल तवा बघा. एकतिसातला एक बोळका जरी तडकला, तर चाक मी सोता आनून तुमच्या दारात ठेवीन."

"आनि नाय तडकला तर?" बळीरामने विचारलं.

"तर माजा चाक माज्या घरी. नि तळ्याची माती मोकळी."

दाजींनी मान हलवली. त्यांना खात्री होती. सप्तमीला अठरा दिवस होते.

माती मिळाली ती अली नावाच्या शेतकऱ्याकडून. तो जवळच्या विचुंबे गावचा. नदीकाठाला त्याचं भातशेत, आणि पेंढा विकायला त्याची बैलगाडी आठवड्यातून दोनदा पनवेलच्या बाजारात यायची. ठमाबाईने बाजारातच त्याला गाठलं. तो म्हणाला, "मातीच नेतेस ना? भात तर काढून झाला. ये." ती त्याच्या गाडीतून गेली. या वेळी तिने कोपरभर खड्डा केला आणि दर वितीला माती जिभेवर ठेवली, दर ढेकळाची. अली बांधावर बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "ठमाबाई, घरून जेवून नाय आलीस काय? भाकरी हाय माझ्याकडं." ती तोंडात माती असताना हसली आणि ठसका लागून पाणी मागायची वेळ आली. हे तीच सांगायची आणि सांगताना पुन्हा हसायची.

तीन खेपा अलीने गाडीतून आणून टाकल्या. झालं, नळावर नवा विषय. माईही म्हणाल्या, "मुसलमानाच्या शेतातली माती, आणि सूर्याच्या पूजेला?" ठमाबाई आमच्या दारावरूनच चालली होती. तिने ऐकलं. "माई, तुमी दर साली तांदूळ घेता तो अलीच्याच शेतातला हाय. नैवेद्याला चालतो ना?" माईंनी दार लोटलं. पण तांदूळ बदलला नाही, एवढं मी सांगते.

बोळकी घडली, सुकली. आवा लावायच्या दिवशी आळीने तिला ना गोवऱ्या दिल्या ना पेंढा. पेंढा अलीचा होता, गोवऱ्या मी दिल्या. आमच्याच परड्यातल्या, माई कीर्तनाला गेल्या असताना, सहा पाट्या. नव्या सुनेने सासरच्या गोवऱ्या परस्पर द्याव्यात ही काही लहान गोष्ट नव्हती. मला भीती वाटत होती आणि मजाही.

रथसप्तमी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. उजाडायच्या सुमाराला थंडी चांगलीच होती. ठमाबाईने आदल्या दिवशी एकतीस घरी बोळकी पोचवली होती. माईंनी बोळकं घ्यायला आधी नकार दिला, मग म्हणाल्या, "ठेव. तडकलेलं बघायलाच ठेव." दाजी आणि बळीराम सकाळी घरोघर फिरायला निघाले. त्यांच्या मागे ठमाबाई, आणि तिच्या मागे निम्मी आळी. पहिल्या घरी दूध उतू गेलं, बोळकं जसंच्या तसं. दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी तेच. बाजारपेठेतून फिरत फिरत ही मिरवणूक आमच्या अंगणात आली तेव्हा तीस घरं झाली होती. बळीरामचं तोंड उतरलं होतं. आमचं एकतिसावं.

मी रथ काढला होता. सात घोड्यांतले दोन गाढवासारखे झाले होते, त्यावर माई सकाळपासून बोलत होत्या. गोवऱ्या फुलल्या. आणि लोक अजून अंगणात शिरत होते, मी दूध आणायला आत गेले, तेवढ्यात माईंनी रिकामं बोळकं निखाऱ्यावर ठेवलं. दूध गाळून मी परत आले तेव्हा ते रिकामंच चांगलं तापलेलं मला दिसलं. मी "थांबा" म्हणेपर्यंत माईंनी माझ्या हातातलं भांडं घेऊन थंडगार दूध त्यात ओतलं. टच्च असा आवाज झाला. तडा काठापासून बुडापर्यंत गेला आणि दूध निखाऱ्यात फसफसलं.

मग बळीराम म्हणाला, "गेला."

मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "रिकामं तापवलं होतं. माईंनी. मी पाहिलं. कुठलंही बोळकं फुटेल असं केलं तर." आमच्या घरात सून सासूविषयी चारचौघांत असं बोलल्याचं ते पहिलं उदाहरण. माई माझ्याशी पुढे होळीपर्यंत बोलल्या नाहीत. पण त्या क्षणी त्यांनी नाहीही म्हटलं नाही. नुसत्या निखाऱ्याकडे पाहत राहिल्या. मुद्दाम केलं की घाईत, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

दाजींनी ते ऐकलं. पण लोक जमले होते आणि बळीराम त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. ते म्हणाले, "कसा का तडकला, तडकला. शब्द दिल्ता तिनी."

मला वाटलं ठमाबाई आता भांडेल. मी तिची बाजू घेतली होती, तिने नुसता होकार दिला असता तरी पुरलं असतं. ती पुढे आली, निखाऱ्याशेजारचा बोळक्याचा तुकडा पदराने उचलला आणि दाजींच्या हातात ठेवला. म्हणाली, "हा चाखा सवडीनी. शब्द माजा हाय, मी पाळते."

तिने चाक स्वतः आणलं. जमिनीत ठोकलेल्या ज्या खुंटीवर ते फिरतं तिच्यावरून उतरवलं, उभं केलं आणि आळीतून गडगडवत नेलं. थोरली मुलगी खुंटी आणि काठी घेऊन मागे. आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यातल्या दोघीतिघी रडत होत्या. मीही रडत होते, रागाने. ठमाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. दाजींच्या ओट्यासमोर, अगदी दारात, तिने खुंटी ठोकली. चाक त्यावर बसवलं. मग धाकटीला म्हणाली, "माती आन."

धाकटीने मातीचा गोळा आणला. ठमाबाई दाजींच्या दारात मांडी ठोकून बसली, काठीने चाक फिरवलं आणि गोळा मधोमध चढवला.

"ह्या काय?" दाजी म्हणाले.

"काम," ती म्हणाली. "सप्तमी झाली, आता उन्हाळ्याची मडकी."

बळीराम चाक उचलायला पुढे झाला. दाजींनीच त्याचा हात धरला. का, ते मला शेजारच्या कुंभारणीने सांगितलं. चाकावर ओली माती असेल, भांडं अर्धं असेल, तर ते चाक हलवायला कुणी धजत नाही. कच्चं भांडं चाकावर मोडलं तर मोडणाऱ्याचं घर मोडतं, अशी त्यांची पक्की समजूत. बाईने चाकाला शिवू नये म्हणणाऱ्यांचीच ही समजूत, आणि ठमाबाईने ती बरोबर हेरली होती. मोठ्या गोळ्याच्या शेंड्यावर ती भांडं घडवायची, ते दोऱ्याने कापून उतरवलं तरी खाली ओला गोळा उरायचाच, आणि त्यावर ती लगेच नवी माती चढवायची. चाक ओलं राहिलं, ते राहिलंच.

दुपारी चौघांनी बाजेसकट काशिरामला आणून दाजींच्या ओट्यावर ठेवलं. ती म्हणाली, "तो सांगतो तवा मला येतो. त्याला घरी ठेवून कसा चालेल?" मुलीही तिथेच जेवल्या. दाजींच्या बायकोने पहिल्या दिवशी कुणाकडे पाहिलं नाही, दुसऱ्या दिवशी भाकरी आणून दिली आणि तिसऱ्या दिवशी शेजारी बसून थापटण्याने मडकी ठोकायला लागली. अंधार पडला की अर्धं भांडं ओल्या फडक्याने झाकून ठमाबाई तिथेच लवंडायची. दाजींना घरात जायचं तर चाकाला वळसा घालून जावं लागायचं. गाव बघायला यायचं. मी रोज काशिरामसाठी दूध घेऊन जायचे, माईंच्या डोळ्यांदेखत.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा दाजींची बायको माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "पहाटं उठून चूळ भरायच्या आधी त्यांनी त्यो तुकडा चाखला. मी बघितला. मंग तिची सुकलेली मडकी एकेक उचलून बोटांनी चाचपीत बसले. धा-बारा चाचपली." मी दाजींकडे पाहिलं. ते ओट्याच्या कडेला बसून तिच्या हातांकडे बघत होते. हात ओले, कोपरं मांडीला टेकलेली, काठ वर येत होता. पन्नास वर्षं माती हाताळलेला तो माणूस. खोटं बोलणं त्याला जमत असेल, पण मडक्याबद्दल खोटं बोलणं जमलं नाही. काशिराम बाजेवरून डावा हात हळूहळू वर नेत होता. दाजी बघता बघता नकळत म्हणाले, "पानी लाव जरा." तिने पाणी लावलं.

मग त्यांनी घसा खाकरला. "घिऊन जा तुजा चाक."

"नि माती?"

"तळ्याची माती मोकळी हाय."

ठमाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि उठली. चाकावर अर्धी घागर होती, गळ्यापर्यंत आलेली. ती म्हणाली, "मी आनला तवा एकटीनी आनला. आता पोचवा तुमी."

बळीराम चाक उभं करायला वाकला. "उभा नाय," ती म्हणाली. "घागर हाय वरती. आडवाच न्या."

आळी भरली होती. भर अकराच्या उन्हात दाजींनी एका बाजूने आणि बळीरामने दुसऱ्या बाजूने चाक उचललं, आडवं, तळहातांवर, आणि ओली घागर मोडली तर आपलं घर मोडेल या धास्तीने ती कलू न देता एकेक पाऊल टाकत निघाले. चाक भलतंच जड. घाम दाजींच्या नाकावरून घागरीत पडला. कुणी हसलं नाही. ठमाबाई पुढे चालत होती, वाटेतली पोरं आणि कोंबड्या बाजूला करत. तिच्या दाराच्या पायरीपाशी दाजींचा पाय अडखळला, चाक तिरकं झालं, आणि ती गर्रकन वळून ओरडली, "नीट धरा दाजी! माजा चाक हाय तो."

दाजींनी चाक नीट धरलं.